समोर उभी होते

१२ जानेवारी

दादा,

तुझी गाडी फलाटावरच असेल, तेवढ्यात मी आरशांवरच्या चादरी काढल्या. सात दिवस संपले होते, कुणाला विचारायची गरज नव्हती. दुखवट्याच्या घरात आरसे झाकायचे ही आपली रीत मला मान्य आहे. आई गेलेली असताना स्वतःचं थोबाड कशाला बघायचं? पण मी आरशात थोबाड बघत नाही रे. दाराजवळचा आरसा, कपाटाचा आरसा, हे माझे पाठीमागचे डोळे आहेत. कोण आलं, कोण गेलं, कोण माझ्यामागे उभं राहून माझ्याचबद्दल बोलतंय, ते मला तिथे दिसतं. सात दिवस प्रत्येक माणूस भुतासारखा अंगावर उगवत होता. मावशीनं मागून खांद्यावर हात ठेवला आणि मी किंचाळले. तू तिला काहीतरी म्हणालास आणि सगळ्यांनी माना हलवल्या. काय म्हणालास, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. काही नाही.

पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मेसेज केला की तू एक अंगठा पाठवून मोकळा होतोस. पत्राला अंगठा लावलास तर लोक तुला अडाणी म्हणतील.

चौथ्या दिवशी आमचा गट आला होता, तो तुझ्या लक्षात असेल. प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत दर रविवारी जमतो तो. विशी-तिशीतली ज्यू पोरं-पोरी, प्रत्येकाचे कान थोडे किंवा पूर्ण गेलेले. दुखवट्याला येणाऱ्यानं आधी तोंड उघडायचं नाही, ज्याचं माणूस गेलं त्यानं बोलेपर्यंत थांबायचं, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. बाकीचे दोन मिनिटं थांबतात आणि मग हवापाण्यावर येतात. हे लोक खरोखर थांबले. बुटक्या बाकांवर गुडघे जवळ घेऊन बसून राहिले. मी हात उचलला तेव्हाच त्यांचे हात उठले. त्यावर मावशी तुला म्हणाली, 'दुखवट्याच्या घरात हे हातवारे कसले, नाटक आहे का?' तिला वाटलं, आमच्यातल्या कुणाला कळलं नाही. आमच्या गटातल्या शिंप्यानं ते खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तिच्या ओठांवर वाचलं. आमच्यात त्याच्याइतका पक्का कुणी नाही.

आता एक विचारते. शेवटच्या संध्याकाळी आईच्या एका हाताला सलाईन होतं, दुसरा हात तू धरला होतास. मी पायाशी उभी राहिले. आयुष्यभर तिनं मला हेच शिकवलं होतं, 'समोर ये, उजेडात ये, मग बोल.' म्हणून मी बरोबर ट्यूबलाइटखाली उभी राहिले आणि तिच्याशी हातांनी बोलत राहिले. सगळं बोलून घेतलं. ती माझ्याकडेच बघत होती, नजर हलवली नाही. दादा, असा निरोप फार कमी लोकांच्या वाट्याला येतो. पण तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ती बोलत होती आणि मला तिचे ओठ दिसत नव्हते. मी तुला खुणेनं विचारलं, काय म्हणतेय? तू म्हणालास, 'नंतर सांगतो.'

ते नंतर आता आलंय. सांग.

ठिणगी

२३ जानेवारी

लाडक्या ठिणगीस,

पत्र मिळालं. पोस्टमनही चक्रावला. 'साहेब, खरंच माणसानं लिहिलेलं पत्र आहे,' म्हणाला. दुकानात खोकल्याची साथ आहे, म्हणजे आमची दिवाळखोरी लांबली. प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्या तोंडावर खोकतं आणि मग औषध मागतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी आईसाठी कद्दिश म्हणायला जातो. मेलेल्या आईबापांसाठी मुलानं म्हणायची ती प्रार्थना आता तोंडपाठ झाली. पहिल्या दिवशी मध्येच अडखळलो होतो. शेजारच्या म्हाताऱ्यानं कोपरानं ढोसलं.

आई काय म्हणाली विचारलंस. ती म्हणाली, 'सुखी राहा.' तुझं नाव घेतलं आणि म्हणाली, सुखी राहा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण त्या गडबडीत राहून गेलं. तू म्हणतेस तसाच निरोप होता तो. तो तसाच जपून ठेव.

मावशीचं मनाला लावून घेऊ नकोस. ती जुन्या काळची. पण थोरला भाऊ म्हणून एक बोलू का? रागावू नकोस. तुझ्या त्या मंडळींकडे मी बघत होतो. चांगली पोरं आहेत. पण सगळी सारख्याच दुःखाची माणसं एका खोलीत बसून करणार काय? एकमेकांची कीव? आई होती तोवर ठीक होतं. आता त्या घरात तू एकटी. दार वाजलं तर कळत नाही, गॅसवरचं दूध उतू गेलं तर कळत नाही. वहिनीनं मागची खोली रिकामी केली आहे, खिडकीला नवा पडदा लावलाय. कवळ्या बनवायचं तुझं काम काय, इथेही मिळेल, या शहरातही माणसांचे दात पडतातच. इथे ये. इथले कानाचे डॉक्टरही मोठे आहेत, एकदा दाखवून घेऊ.

जेवत जा.

दादा

२ फेब्रुवारी

दादा,

दूध उतू गेलं की वास येतो. माझं नाक शाबूत आहे.

गटाबद्दल लिहिलंस ते दोनदा वाचलं. म्हटलं, रागात उत्तर द्यायचं नाही. मग ठरवलं, रागातच द्यायचं.

आमच्या खोलीत एक गोल टेबल आहे आणि त्यावर टांगलेला एक दिवा. टेबलावर मध्ये काही ठेवायचं नाही, फुलदाणीसुद्धा नाही, कारण तिच्यामागे एकाचं तोंड झाकतं. एका वेळी एकानंच बोलायचं. कुणाला कळलं नाही तर त्यानं हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं. पूर्ण कळेपर्यंत थांबायचं. 'जाऊ दे, काही नाही' असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांचे कप धुवायचे. सुरुवातीला मोरीशी रांग लागायची. कारण तो शब्द आम्ही सगळे घरून घेऊन आलो होतो, जसा कुणी आईची सवय घेऊन येतो, बापाचा राग घेऊन येतो.

आमच्यातल्या एकीला तिच्याच लग्नाची तारीख सगळ्यांच्या शेवटी कळली. घरचे म्हणाले, 'अगं, तुझ्यासमोरच तर ठरली!' खरंच होतं. ती जेवत होती आणि तिच्या डोक्यावरून तारीख ठरली. आमच्यातल्या एकाच्या बापाचं दुकान बुडालं, ते त्याला पाटी उतरवताना समजलं. आणि प्रार्थनागृहात? लोक उभे राहिले की आम्ही उभे राहतो, बसले की बसतो. कुणी म्हणत नाही, आता पुस्तकाचं हे पान चाललंय. आपल्या लोकांनी हजारो वर्षं धर्मग्रंथातला एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही, म्हणून आपण मिरवतो. आणि आपल्याच घरातल्या पोरीला चार शब्द सांगायला आपल्याला फुरसत नसते! कीव तुम्ही करता, दादा. कीव करायला वेळ लागत नाही. सांगायला लागतो. त्या खोलीत आम्ही एकमेकांना सांगतो, एवढंच करतो. माझ्या आयुष्यात ते फक्त आई करायची. एकटी करायची. जेवणं आटोपल्यावर मला समोर बसवून दिवसभर घरात कोण काय बोललं ते सगळं सांगायची, मावशीच्या कुचाळक्यांसकट.

आता तुझ्या 'सुखी राहा'कडे येते.

मी दिवसभर माणसांचे जबडे घडवते. प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा. जबडा किती उघडतो, किती वेळ उघडा राहतो, हे माझं पोट भरण्याचं साधन आहे. 'सुखी राहा' म्हणायला एक श्वास पुरतो. आई त्या संध्याकाळी मास्कच्या आत बोलत राहिली होती. थांबायची, परत बोलायची. हनुवटी मास्कखाली हलताना मी पाहिली. आणि तू तिला उत्तरं देत होतास. आशीर्वादाला कुणी उत्तर देतं का?

मला पूर्ण हवंय. घासून-पुसून, पॉलिश करून नको.

ठिणगी

ता. क. शिंपी त्या संध्याकाळी वॉर्डाच्या काचेच्या दाराबाहेर होता, माझ्यासाठी डबा घेऊन आला होता. तो आत का आला नाही, असं विचारलं तर नुसती मान हलवतो. तुमच्यात काही बोलाचाली झाली होती का?

१४ फेब्रुवारी

ठिणगी,

तू वकील व्हायला हवी होतीस. दात बसवण्यात वाया गेलीस.

तुझ्या त्या शिंप्याशी माझी काहीच बोलाचाली झाली नाही. मी त्याला पाहिलंही नाही. दाराकडे माझा चेहरा होता खरा, पण माझं लक्ष आईकडे होतं.

ऐक. माणूस जायच्या वेळी काहीबाही बोलतो. मी औषधं विकतो, माझ्याकडे रोज अशा घरची माणसं येतात. कुणी गेलेल्या नवऱ्याला हाक मारतं, कुणी चाळीस वर्षांपूर्वीच्या शेजारणीशी भांडतं. आईचंही तसंच झालं. पाणी मागितलं. बाबांना हाक मारली. कुठे आहोत विचारत होती. तिला काही दिसतही नव्हतं गं शेवटच्या दिवशी, त्यामुळे ती जास्तच बावरली होती. मी 'हो हो' म्हणत होतो, तीच माझी उत्तरं. यात लपवण्यासारखं काय आहे? लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. 'सुखी राहा' म्हणाली, ते मात्र खरं. तेवढं धर आणि बाकीचं सोड.

तू गटाबद्दल इतकं लिहिलंस, मला वाईट वाटलं. मी कीव करत नाही. काळजी करतो. आपल्या घरात या दोन गोष्टींचा गोंधळ पूर्वीपासून आहे.

वहिनी विचारते, पडदा निळा लावलाय, चालेल ना?

दादा

२८ फेब्रुवारी

दादा,

तिला दिसत नव्हतं?

हे तू असं लिहिलंस, जसं ते सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतंच. मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, 'अगं, सकाळच्या फेरीला डॉक्टरांनी सगळ्यांसमोर नाही का सांगितलं, नजर पूर्ण गेली आहे म्हणून. तू होतीस की तिथे!'

होते. आईच्या पायात मोजे चढवत होते. मोजे चढवून मान वर केली तर डॉक्टर पुढच्या पलंगाकडे निघाले होते. मी तुला विचारलं, काय म्हणाले? तू म्हणालास, 'काही विशेष नाही. नंतर सांगतो.'

मग मी शिंप्याच्या दुकानात गेले. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या काढायला लावल्या. म्हटलं, तू आमच्यातला आहेस, तू मला काही नाही म्हणायचं नाही. तो टेपनं हाताची बोटं गुंडाळत राहिला. मग सांगितलं. आई काय म्हणत होती ते त्यालाही दिसलं नाही, मास्क होता. पण तू दाराकडे तोंड करून बसला होतास, माझ्याकडे तुझा नुसता गाल होता. स्वच्छ उजेड होता. तू म्हणालास, 'ती बाहेर गेलीय.' मग थोड्या वेळानं म्हणालास, 'येईलच इतक्यात.' मग परत म्हणालास, 'बाहेर गेलीय गं, सांगितलं ना.' तो म्हणाला, मी डबा दाराशी ठेवला आणि निघून गेलो. आत येऊन तुझ्याकडे कसं बघू, कळेना.

मी पायाशी उभी होते, दादा. ट्यूबलाइटखाली. हात दुखेपर्यंत बोलत होते. लहानपणी पडले होते त्याबद्दल बोलले, तिच्या गुडघ्यांबद्दल बोलले, तू चांगला आहेस असंही बोलले. एका आंधळ्या बाईसमोर हात हलवत होते. आणि ती मला शोधत होती आणि तू तिला सांगत होतास, मी बाहेर गेलेय.

मला आवाज आहे. तू तो ऐकलायस. आईनं तो मला शिकवला. तिच्या गळ्यावर माझा तळवा दाबून धरायची, म्हणजे आवाज कुठून निघतो ते कळावं. ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. फ म्हटलं की पट्टी उडायची, प म्हटलं की जेमतेम हलायची. शेकडो पट्ट्या फाडल्या तिनं. जगात कुणी तो आवाज ओळखला असता, तर तिनं. तू माझ्या दंडाला धरून खूण केली असतीस, 'हाक मार,' तर पुरलं असतं. तू तिचा हात माझ्या हातात दिला असतास, तरी पुरलं असतं. एवढं काय अवघड होतं?

का ते लिही. आणि ती काय म्हणाली, ते लिही. तिचे शब्द. तुझे नकोत.

१९ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. वहिनीचा मेसेज आला, 'ते जेवत नाहीत, तुमच्यात काय झालंय?' वहिनीला मी सांगणार नाही. ते तुझं काम आहे.

रविवारी मी गटात बोलले. सगळं बोलले. एरवी कुणाला एखादा शब्द चुकला की हात वर होतो. या वेळी एकही हात वर झाला नाही. पहिल्याच फटक्यात सगळ्यांना सगळं कळलं. तिथल्या प्रत्येकाच्या घरात असा एक पलंग आहे, नाहीतर उद्या असणार आहे, आणि त्यांची आई त्यांना हाक मारेल आणि कुणीतरी कानांचं माणूस मध्ये बसलेलं असेल.

मी वाट बघते आहे.

६ एप्रिल

ठिणगी,

बरीच पत्रं लिहून फाडली. त्यातली काही चांगली होती. वाचली असतीस तर तुला माझी दया आली असती, म्हणून फाडली.

का, ते आधी.

त्या दुपारी तू बाहेरून आलीस आणि आईला म्हणालीस, 'आई, मी आले.' आई तेव्हा औषधाच्या गुंगीत होती, तिला कळलं नाही. पण वॉर्डाला कळलं. तुझी पाठ होती, तू पाहिलं नाहीस. शेजारच्या पलंगाचे पाहुणे वळून बघायला लागले. समोरचा एक जण हसला आणि त्यानं तुझी नक्कल केली, बायकोला करून दाखवली. नर्स माझ्यापाशी येऊन म्हणाली, 'त्यांना जरा आवाज आवरायला सांगा, पेशंट दचकतात.' मी मान हलवली. तुला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली आणि तुला विचारायला लागली, तेव्हा मला वाटलं, आता हिला हाक मारायला लावली तर परत सगळे वळणार. परत तो हसणार. आई मरतेय आणि लोक हसतायत, हे मला बघवलं नसतं. म्हटलं, भेटीची वेळ संपेल, पाहुणे जातील, मग सांगू. मला वाटलं, वेळ आहे. डॉक्टर म्हणाले होते दोन-तीन दिवस.

आणि तुझा हात तिच्या हातात का दिला नाही? सुचलं नाही, असं मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे एकदा 'बाहेर गेलीय' असं बोलून बसलो होतो. हात दिला असता तर तिला कळलं असतं, मी खोटं बोललो. मरणाऱ्या आईसमोर मी पकडला जायला घाबरलो. आणि तुझ्या आवाजाची लाज मला लहानपणापासून वाटते. पेशंट दचकतील वगैरे सगळं नंतर.

मग ती गेली, आणि तू रडत रडत मला खुणेनं म्हणालीस, 'शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती.' ते मी कसं मोडणार होतो? म्हटलं, राहू दे हिच्याजवळ. सगळ्यांत कमी वाईट तेच होतं.

आता तिचे शब्द. 'सुखी राहा' ती म्हणाली नाही. ते मी रचलं, बाबांना मारलेली हाक आणि 'कुठे आहोत' हेही.

आधी म्हणाली, 'ठिणगी कुठेय?'

मी म्हटलं, बाहेर गेलीय.

म्हणाली, 'दिवा का लावला नाही रे? दिवा लाव.'

मी म्हटलं, लावतो.

म्हणाली, 'लवकर लाव. ती येईल आणि तिला अंधारात माझं तोंड दिसणार नाही. अंधारात तिला बोलता येत नाही, तुला माहीत नाही का?'

मी म्हटलं, येईलच इतक्यात.

मग पाणी मागितलं. मी ओला कापूस ओठांना लावला. मास्क थोडा उचलला तेव्हा तिनं हातानं तो बाजूला करायचा प्रयत्न केला. म्हणाली, 'हे काढ. हे असलं की तिला कळत नाही.' मी परत बसवला. नर्स ओरडली असती.

म्हणाली, 'दिवा लावलास?'

मी म्हटलं, हो.

म्हणाली, 'नाही लावलास. खोटं बोलतोस.'

मग विचारलं, 'आली का?' मी परत म्हटलं, बाहेर गेलीय गं, सांगितलं ना. माझा आवाज चढला. आईवर आवाज चढवलेली ती शेवटची वेळ.

ती म्हणाली, 'बरं. मग मी थांबते.'

त्यानंतर ती बोलली नाही.

यात एक शब्द मी गाळलेला नाही. दाढी वाढली आहे, गिऱ्हाइकं ओळखत नाहीत. रोज कद्दिश म्हणतो आणि 'मी थांबते' ऐकू येतं. मी येऊ का? तुझ्यासमोर उभा राहून हे सगळं सांगतो. माफ कर असं म्हणणार नाही.

दादा

२२ एप्रिल

दादा,

पत्र आलं त्या दिवशी कामावर होते. जेवणाच्या सुट्टीत वाचलं. नंतर एका म्हाताऱ्याच्या कवळीचे पुढचे दात उलटे बसवले. मालकानं बघितलं आणि मला घरी पाठवलं.

'सुखी राहा' गेलं याचं मला काही वाटत नाही. ते कुणाचंही असू शकलं असतं, ते छापील कार्डावर असतं. दिवा लाव, हे तिचं आहे. मी तिला ओळखते. ती आंधळी झाली होती आणि तिला वाटत होतं, अडचण माझी होणार आहे.

त्या हसणाऱ्या माणसाबद्दल. दादा, माझ्या आवाजाला लोक हसतात हे मला माहीत आहे. रस्त्यात हसतात, दुकानात हसतात, त्यांचे दात मला दिसतात. मी त्यात जगते. तुला ते एक संध्याकाळ सोसायचं होतं. वॉर्डभर लोक हसले असते, नक्कल केली असती, नर्स ओरडली असती, आणि आईला कळलं असतं की मी आलेय. तू तिच्या बाजूनं विचार केला नाहीस आणि माझ्या बाजूनंही नाही. तू त्या समोरच्या पलंगावरच्या, नावही ठाऊक नसलेल्या माणसाच्या बाजूनं विचार केलास. मी कुणालाही इतकं महत्त्व देणार नाही. तूही द्यायला नको होतंस.

शेवटपर्यंत माझ्याकडे बघत होती, हे माझ्याजवळ राहू द्यावं असं तुला वाटलं. ते माझ्याजवळ दीड महिना होतं आणि खोटं होतं. मला काय पेलेल हे माझ्यासाठी दुसऱ्यानं ठरवायचं, हे आता संपलं. तुझ्याकडच्या त्या खोलीत मी राहायला येणार नाही. वहिनीला का ते सांग, आणि पूर्ण सांग.

येऊ का विचारतोस. दाढी वाढली आहे म्हणतोस. मिशा ओठांवर आल्या असतील, म्हणजे तू समोर उभा राहून सांगशील आणि मला तुझ्या तोंडावर काहीही दिसणार नाही. आपल्याकडे आईबाप गेले की मुलानं दाढी काढायची नाही, मित्र रागावून 'पुरे आता' म्हणतील तोवर थांबायचं. तुझे मित्र तुला रागावले नसतील. ते तुझ्या खांद्यावर हात ठेवत असतील. म्हणून मी रागावते, इथे लिहून, सही करून. पुरे आता. उद्या न्हाव्याकडे जा आणि सगळं साफ कर.

आणि रविवारी ये. घरी नको, प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत ये. शिंपी असेल, बाकीचेही असतील. दिव्याखालच्या खुर्चीवर बस आणि आई जे जे म्हणाली ते सावकाश म्हण, त्याच क्रमानं. कुणी हात वर केला तर थांब आणि परत म्हण. त्यानंतर तुझ्याशी बोलायचं की नाही, ते मी त्या वेळी बघेन. आज माहीत नाही.

कागदावर ते सगळं मी वाचलं आहे. पण ती बोलली तेव्हा तिच्या तोंडावर मास्क होता. तिचे शेवटचे शब्द मी अजून कुणाच्या ओठांवर पाहिलेले नाहीत.

ठिणगी